आडवा आला की दिसतो

आमच्या अंगणात रोज चोरी होते, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. नोकरीत असताना मी उठून बाहेर यायचो तेव्हा जास्वंदीवर ४ फुलं असायची आणि झाड रोज चारच फुलं देतं, अशी माझी समजूत होती. निवृत्तीनंतर एका रात्री सहज उद्याच्या कळ्या मोजल्या. २७ भरल्या. सकाळी पाहतो तर फुलं ४. हिशेबखात्यात ३५ वर्षं काढलेल्या माणसाला २३ची तफावत सहन होत नाही. त्यात राहायला सांगलीत, दारात लाल जास्वंद, आणि संकष्टीला गणपतीसाठी फुलं बाजारातून विकत आणायची!

हिला प्रकरण सांगितलं. "देवालाच वाहत असतील ना?" एवढंच म्हणाली. चोरीचा माल देवाकडे गेला की गुन्हा सौम्य होतो, असं तिचं कायद्याचं ज्ञान.

न्यू जर्सीतल्या लेकीनं मात्र गोष्ट मनावर घेतली. मे महिन्यात आली ती बॅगेत एक खोकं घेऊनच. (जाताना त्याच जागेत थालीपिठाची भाजणी गेली.) खोक्यात कॅमेरा होता आणि त्याच्या दोन्ही कानांशी एकेक दिवा. "बाबा, घराच्या वायरिंगला हात लावायचा नाही, नुसती पिन खुपसायची," असं सांगून, मोबाइलमधलं अॅप स्वतःच भरून देऊन ती गेली.

नुसत्या त्या पिनेनं आषाढ खाल्ला. पिनेला दोन चपटे दात आणि आमच्या भिंतीला तीन गोल भोकं. वायरमननं ती उलटसुलट करून पाहिली. "साहेब, पिन अमेरिकेची, भोकं सांगलीची. कसं जमायचं ओ?" शिवाय तिकडची वीज १२० व्होल्टची, इकडची २३०, त्यामुळे लावल्या लावल्या धूर निघणार, हे त्यानं आधीच जाहीर करून टाकलं. अडाप्टरवर मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत '१०० ते २४०' छापलेलं मी भिंगातून वाचून दाखवलं, तेव्हा कुठे त्यानं पिशवीतून कन्व्हर्टर काढला.

मग ड्रिल, भोकं, गिट्ट्या, स्क्रू. खोक्यावर आयपी ६५ असं होतं. त्यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही आणि ५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसतो, हे मी त्याला कौतुकानं समजावलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कॅमेऱ्याला पाऊस चालतोय, बोर्डाला कुठं चालतोय?" हा प्रश्न खोक्यावर कुठेच नव्हता. उत्तर आमच्या स्वयंपाकघरात होतं: ५ लिटर तेलाचा रिकामा कॅन. तो कापून त्यानं बोर्डावर छप्पर चढवलं. वायरही सरळ बोर्डात नेली नाही. आधी खाली झोळ दिला आणि मग वर घेतली, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळावरूनच गळून जातं. आयपी कितीही असो, सांगलीच्या पावसाला हा माणूस जास्त ओळखत होता.

उद्घाटनाचा दिवस नेमका दीप अमावास्येचा निघाला. घरातल्या समया, निरांजनं, लामणदिवा घासूनपुसून पाटावर मांडलेले. ही म्हणाली, हाही दिवाच की. शिडीवर चढवण्याआधी तिनं कॅमेरा पाटावर ठेवला आणि दोन दिव्यांच्या मधोमध, जिथे कपाळ असायला हवं तिथे, हळदकुंकू लावलं. ते कपाळ म्हणजे लेन्स होती. पहिल्या रात्री आमच्या अंगणात मोबाइलवर केवळ सूर्यास्त दिसत होता.

लेन्स पुसल्यावर चाचणी घेतली. दिवे २००० ल्युमेनचे, म्हणजे घरातल्या ९ वॅटच्या दोन एलईडी बल्बांपेक्षा जास्तच. पेटले की तुळशीवृंदावनापाशी लग्नाचं शूटिंग चालू असल्यासारखं वाटायचं. पण ही फाटकातून सरळ चालत आली तर दिवा ढिम्म. पायरीपाशी पोचली तेव्हा लागला. मग कपडे काढायला दोरीकडे आडवी गेली तर क्षणात लख्ख! लेकीनं फोनवर कारण सांगितलं. यातला डोळा माणूस पाहत नाही, हलणारी ऊब पाहतो. त्याच्यासमोर न दिसणारे पट्टे असतात. एका पट्ट्यातून दुसऱ्यात ऊब सरकली की तो जागा होतो. समोरून येणारा बराच वेळ एकाच पट्ट्यात राहतो. थोडक्यात, सरळमार्गी माणूस त्याला दिसत नाही, आडवा आला की लगेच दिसतो. आमच्या ऑफिसातले साहेब असेच होते.

श्रावणाच्या दुसऱ्याच दिवशी चोर सापडला. छत्री, हातात आकडी, कोपराला परडी. चेहरा छत्रीआड. पण कोपऱ्यातली वेळ पाहून माझ्या घशाला कोरड पडली: आदल्या संध्याकाळचे ७ वाजून ५५ मिनिटं. त्या वेळी आम्ही दोघंही व्हरांड्यात बसून शेंगा सोलत होतो, जास्वंदीपासून दहा पावलांवर! आमच्या डोळ्यांसमोर कोणी फुलं तोडून नेली आणि आम्हांला दिसलं नाही? ही काही बोलली नाही. फक्त संध्याकाळी मीठ-मोहऱ्या घेऊन कॅमेऱ्यावरून उतरवल्या.

उलगडा पुन्हा न्यू जर्सीहून झाला. अॅप भरताना लेकीनं पत्ता स्वतःच्या घराचा दिला होता. कॅमेरा सांगलीच्या भिंतीवर, घड्याळ तिकडचं, साडेनऊ तासांनी मागे. चोर पहाटे ५ वाजून २५ मिनिटांनी आला होता.

मग मी गजर लावून झोपलो. पहाटे अंथरुणातच मोबाइल धरून बसलो. बरोबर सव्वापाचनंतर दिवे लागले. यात बोलायची सोय आहे. बटण दाबून बोललं की भिंतीतून आवाज येतो. चोराला काय म्हणायचं ते मी रात्रभर घोकलं होतं. पण छत्री बाजूला झाली आणि दिसल्या मागच्या गल्लीतल्या पंचाहत्तरीच्या काकू. माझ्या तोंडून निघालं, "कोण आहात आपण?"

काकूंनी वर भिंतीकडे पाहिलं. जराही दचकल्या नाहीत. "मी हो. उठलात वाटतं? दिवा लावलात ते फार छान केलंत. इतकी वर्षं अंधारात चाचपडत होते, उद्याच्या कळ्याही तुटायच्या."

"पण काकू, फुलं..."

"तुमच्या आईंनीच सांगून ठेवलंय. म्हणायच्या, आमच्या देवापुरती ४ ठेवा आणि बाकीची न्या, झाडावर सुकून काय करायचीत? रोज मोजून ४ ठेवते हं मी. त्या गेल्यावरही चुकवलं नाही."

आईला जाऊन ११ वर्षं झाली. मी बटण सोडून दिलं. तेवढ्यात दिवे विझले. काकूंनी सवयीनं परडीचा हात आडवा हलवला. दिवे परत लागले.

"एवढं मात्र बघा," त्या भिंतीला म्हणाल्या, "अर्ध्या मिनिटात विझतो. परडी भरेपर्यंत चारदा ओवाळावं लागतं याला."

मी अॅपमध्ये गेलो. ३० सेकंदांच्या जागी ५ मिनिटं केली. ही आता उठून माझ्या खांद्यावरून मोबाइलमध्ये पाहत होती. तिनं कोपरानं ढोसलं. मी पुन्हा बटण दाबलं.

"काकू, उद्या विनायकी चतुर्थी आहे. उद्याच्या दिवस ५ ठेवाल का?"

काकूंनी फांदी खाली ओढली, जरा विचार केला.

"बघते हं," म्हणाल्या.