घड्याळ कुठे गेलं?

लिनक्सची नवी आवृत्ती आली की तिच्यासोबत एक लांबलचक टिपण येतं. कर्नल कितवा, कंपायलर कोणता, कुठलं पॅकेज काढून टाकलं, हे सगळं त्यात इमानेइतबारे दिलेलं असतं. डेबियन या लिनक्स वितरणाची मंडळी तर अपग्रेडच्या आधी काय करा, मध्ये काय करा, अडलात तर काय करा, इथवर लिहून ठेवतात. एवढं वाचून, बॅकअप घेऊन, देवाचं नाव घेऊन अपग्रेड पार पडतं. संगणक पुन्हा सुरू होतो आणि आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, ‘घड्याळ कुठे गेलं?’

दिवाळीच्या रंगकामानंतर घरात असंच होतं. सामान सगळं घरातच असतं, पण चमचा काढायला ओढलेल्या खणातून मेणबत्त्या निघतात.

बाहेरच्या माणसाला यात हसण्यासारखं बरंच सापडेल. एप्रिल २०१० मध्ये उबुंटू या दुसऱ्या वितरणाची १०.०४ आवृत्ती आली आणि खिडकी बंद करायची, लहान-मोठी करायची बटणं उजव्या कोपऱ्यातून डाव्या कोपऱ्यात गेली. जगातले गंभीर प्रश्न बाजूला ठेवून माणसं या तीन बटणांवर भांडली. मला ते भांडण क्षुल्लक वाटत नाही. दिवसभरात असंख्य वेळा न बघता जिथे हात जातो, ती जागा न विचारता हलवणं हा लहान बदल कसा? पुढच्याच वर्षी युनिटी हा अख्खा नवा डेस्कटॉप आला. २०१७ च्या १७.१० मध्ये तो गेला, त्याआधीचा ग्नोम डेस्कटॉप परतला आणि बटणंही निमूट उजवीकडे आली. मधल्या काळात ज्यांचा हात डावीकडे वळला होता, त्यांनी पुन्हा पहिलीच्या वर्गात बसायचं.

ग्नोमवाल्यांनी तर एप्रिल २०११ मध्ये तिसरी आवृत्ती काढताना खिडकी खाली ठेवायचं बटणच काढून टाकलं. खालची पट्टी गेली, डेस्कटॉपवरची चिन्हं गेली. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स वैतागून एक्सएफसीई या दुसऱ्या डेस्कटॉपकडे निघून गेले. (पुढे परत आले, हेही सांगितलं पाहिजे.) काहींनी जुन्या ग्नोमचाच कोड उचलून ‘माटे’ नावाने त्याचा संसार चालू ठेवला. केडीई या आणखी एका डेस्कटॉपची चौथी आवृत्ती २००८ मध्ये आली, तेव्हाही असंच झालं होतं. ती न पटलेल्यांचं ‘ट्रिनिटी’ जुन्या ३.५ ला अजून सांभाळून आहे. राग आला म्हणून वर्षानुवर्षं कोड लिहीत बसण्याची ही रीत मला फार आवडते. आपण सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक संदेश टाकतो आणि झोपतो.

तर मग, काय बदललं याची नोंद ठेवायची कुणी? ‘संगणकच ठेवतो की,’ असं जाणकार सांगतील. ग्नोममध्ये डीकॉन्फ डम्प ही आज्ञा दिली की सगळ्या सेटिंगा एका फायलीत उतरतात. सगळ्या म्हणजे आपण बदललेल्या. ज्यांना आपण कधी हात लावला नाही, त्या त्यात नसतात. केडीईच्या फायलींचाही साधारण हाच खाक्या आहे. मूळ मांडणीपेक्षा जेवढं वेगळं, तेवढंच लिहून ठेवायचं. त्यामुळे खटपट करून बदललेली गोष्ट सहसा अपग्रेडमधून सुखरूप पार पडते आणि जी पहिल्या दिवसापासून इतकी पसंत होती की तिच्याकडे लक्षही गेलं नाही, तीच नेमकी उडते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केडीईचा नवा डेस्कटॉप प्लाझ्मा ६ आला, तेव्हा त्याच्या मूळ मांडणीत एका क्लिकने उघडणारी फाइल दोन क्लिक मागू लागली. एक क्लिक ज्यांना मनापासून आवडत होती, त्यांनी ती सेटिंग कशाला उघडली असेल? त्यांची पसंती कुठे लिहिलेलीच नव्हती. तक्रार करणाऱ्याचं म्हणणं नोंदवलं जातं आणि समाधानी माणूस हिशेबात धरला जात नाही, हे संगणकालाही कुणीतरी शिकवलेलं दिसतं.

म्हणून अपग्रेडची खरी वही आपली आपणच लिहायची असते आणि तीही आधी. नंतर लिहीन म्हणणाऱ्याचं काही खरं नाही, कारण बोटं फार फितूर असतात. पहिले दोन दिवस कुरकुर करतात, आठवड्याभरात नव्या जागी रुळतात आणि आधी कसं होतं हे विचारलं तर साफ कानांवर हात ठेवतात.

वहीत फार काही नको. अख्ख्या पडद्याचं एक चित्र घ्यावं, मेनू उघडा असताना आणखी एक. ग्नोम असेल तर टर्मिनलमध्ये जीसेटिंग्ज लिस्ट-रिकर्सिव्हली चालवून निघेल ते फायलीत साठवावं. हात लावलेलं आणि न लावलेलं, दोन्ही त्यात येतं. वाचायला ते भयंकर आहे, पण वाचायचं नसतंच. नव्या आवृत्तीत तीच आज्ञा पुन्हा द्यायची आणि दोन फायलींतला फरक डिफ या आज्ञेकडून काढून घ्यायचा. मराठी लिहिणाऱ्याने दोन ओळी जास्त लिहाव्यात. कळफलक इनस्क्रिप्ट की फोनेटिक आणि तो कोणत्या कळांनी बदलतो, ही एक. दुसरी फॉन्टची. काही देवनागरी फॉन्ट मजकुराची भाषा मराठी आहे असं कळल्यावरच आपला ‘ल’ आणि ‘श’ काढतात, नाहीतर हिंदी वळणाचे देतात. अपग्रेडमध्ये फॉन्ट बदलला की काहीतरी खटकत राहतं आणि काय खटकतंय ते लवकर उमगत नाही.

आणि एवढं कराच, ही यादी कागदावरही उतरवून ठेवा. संगणकातली यादी उघडायला नेमकं तेच बटण लागतं, जे सापडत नसतं.