चाकांवरच्या घराचा विमा उतरवण्याचा शास्त्रोक्त विधी

प्रस्तुत मार्गदर्शन ब्रिटनमधल्या त्या साधकांसाठी आहे, ज्यांच्या दारात पन्नास वर्षांपूर्वीची फोक्सवागन टाइप टू उभी आहे, जिच्या पोटात कुणीतरी बिछाना, शेगडी आणि कपाट बसवले आहे, आणि जिचा विमा उतरवायची आता वेळ आली आहे. गाडी सुरू होत असणे ही या विधीची पूर्वअट नाही. विमा कंपनी गाडी पाहायला सहसा येत नाही. ती अर्ज वाचते, फोटो बघते आणि हप्ता सांगते. तेव्हा साधकाने आरंभीच मनाशी पक्के करावे, की विमा उतरतो तो गाडीच्या वर्णनाचा. गाडी केवळ त्या वर्णनाच्या पुष्ट्यर्थ अंगणात उभी असते. विधान अतिशयोक्तीचे वाटेल, पण नियम वाचत गेले तर ते उलट फार सौम्य आहे असे दिसते.

पहिला पेच जन्मदाखल्याचा. फोक्सवागनने १९५० साली ही गाडी काढली ती माल आणि माणसे वाहण्यासाठी. तिचे घर केले ते इतरांनी: जर्मनीत वेस्टफालियाने, इंग्लंडात डेव्हन, डॅनबरी, डॉर्मोबाइल या मंडळींनी आणि पुढे असंख्य हौशी मालकांनी, स्वतःच्या करवतीने. म्हणजे ही गाडी द्विज आहे, आणि दुसऱ्या जन्माचा दाखला मिळणे पहिल्यापेक्षा अवघड. हा दाखला म्हणजे लॉगबुक, आणि तो देणारे खाते डीव्हीएलए. लॉगबुकात ‘मोटर कॅरव्हान’ अशी नोंद हवी असेल तर आत सहा फुटी बिछाना, बसायला जागा, टेबल, स्वयंपाकाची सोय आणि एखादे कपाट लागते. इथवर सरकारचे म्हणणे कुणालाही पटेल. पण गाडी बाहेरूनही घरासारखी दिसली पाहिजे, आणि त्यासाठी ग्राह्य धरलेल्या खुणांत बाजूच्या खिडक्या, छत ताणायचा दांडा आणि उंच टप यांच्याबरोबर दोन्ही अंगांवरची कॅरव्हान छापाची चित्रेही आहेत. वर उचलून उघडणारा टप मात्र उंच टपात मोजत नाहीत. ज्या उघडमिट टपामुळे डॉर्मोबाइलचे नाव घरोघर झाले तो पुरावा म्हणून बाद, आणि काल चिकटवलेले स्टिकर ग्राह्य! यावर कुणी म्हणेल, की लॉगबुकात काही का लिहिलेले असेना, आत झोपतो तो मी. हे खरेच आहे. नोंद बदलून घेण्याची कायद्याने सक्ती नाही. परंतु अपघातानंतर एक गृहस्थ अर्ज आणि लॉगबुक शेजारी ठेवून वाचतात, आणि त्या गृहस्थांना झोप या विषयात रस नसतो. म्हणून लॉगबुक ‘खिडक्यांची व्हॅन’ म्हणत असेल तर अर्जात तसे लिहावे, आणि प्रत्यक्षात कॅम्पर आहे, रूपांतर कोणी केले, आत काय काय बसवले, हेही लिहावे. काम अर्धवट असेल तर तेही सांगावे; काही कंपन्या ते पुरे करायला मुदत देतात.

दुसरा पेच किमतीचा, आणि इथे साधकाने सर्वात जास्त वेळ घालवावा. साध्या पॉलिसीत गाडी गेली तर त्या दिवशीचा बाजारभाव मिळतो, आणि तो किती होता हे ठरवताना आधी बोलते कंपनी. जुन्या गाड्यांच्या विमेदारांना मिळणारी वाट म्हणजे मान्य मूल्य: किंमत आधीच दोघांनी ठरवायची आणि नंतर कुरकुर करायची नाही. कल्पना जहाजांच्या विम्यातली जुनी आहे. १९०६ च्या ब्रिटिश सागरी विमा कायद्यात फसवणूक नसेल तर अशी ठरलेली किंमत अंतिम मानली आहे. आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटू नये. भारतातही गाडीची विमा किंमत पाच वर्षांपर्यंत टक्केवारीने उतरत जाते आणि त्यापुढे कंपनी व मालक यांच्या संमतीने ठरते. गाडी म्हातारी झाली की गणित संपते आणि बोलणी सुरू होतात. या बोलण्यांत साधक हटकून एक युक्तिवाद करतो: गंज काढण्यात, पत्रा बदलण्यात आणि गाद्या शिवण्यात अमुक हजार पौंड गेले, तेव्हा गाडीची किंमत तेवढी. कंपनी हे मानत नाही, आणि (लिहिताना वाईट वाटते) बरोबरच करते. खर्च ही मालकाची गोष्ट, किंमत ही गिऱ्हाइकाची. पावत्या जोडाव्यात, पण काम नीट झाल्याचा दाखला म्हणून. सोबत क्लबच्या जाणकाराचे मूल्यांकन, चारी बाजूंचे, आतले आणि गाडीखालचे फोटो द्यावेत. उलट, हप्ता वाचवायला किंमत मुद्दाम कमी सांगणारेही असतात. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की दुरुस्तीचा खर्च ठरलेल्या किमतीच्या जवळ आला की कंपनी गाडी निकालात काढते. किंमत निम्मी सांगितली तर एका बाजूचा चेपलेला पत्राही त्याला पुरतो. मग आपलीच गाडी भंगारातून परत विकत मिळेल का, हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत शोधत बसावे लागते.

आता प्रामाणिकपणाविषयी, कारण या विधीत त्याचाही दर ठरलेला आहे. २०१२ च्या ग्राहक विमा कायद्याने ब्रिटिश ग्राहकावरचे ओझे हलके केले: न विचारलेले आपणहून सांगत बसायला नको, विचारलेल्याचे उत्तर मात्र वाजवी काळजी घेऊन खरे द्यायचे. जाणूनबुजून खोटे सांगितले तर कंपनी पॉलिसीच रद्द धरू शकते. निष्काळजीपणे चुकले, आणि खरे कळले असते तर फक्त हप्ता वाढला असता, तर दावा त्याच प्रमाणात कापला जातो. समजा, गाडी जमिनीलगत आणणारे नवे सस्पेन्शन सांगायचे राहिले. ते धरून हप्ता ४०० पौंड झाला असता आणि भरले ३००. मग २४,००० पौंडांच्या गाडीचे १८,००० हाती येतात. शंभर पौंड वाचवून सहा हजार घालवण्याचा इतका सरळ मार्ग दुसऱ्या कुठल्या कायद्याने आखून दिलेला नसेल.

येथे पूर्वपक्ष उभा राहतो: वर्णनच सर्व काही असेल, तर गाडी सांभाळायची कशाला? सरकारलाही तिची चिंता दिसत नाही. चाळीस वर्षांवरच्या, मूळ रूपात मोठा बदल न झालेल्या गाड्यांना २०१८ पासून वार्षिक एमओटी तपासणी माफ आहे. आक्षेप वजनदार आहे, पण तो गाडीच्या मागच्या टोकाला जाऊन जळतो. टाइप टूचे हवेने थंड होणारे इंजिन मागे असते, आणि त्याच तापलेल्या कप्प्यातून पेट्रोलच्या रबरी नळ्या जातात. नळ्या वयाने तडकतात. पेट्रोलमधले इथेनॉल जुन्या रबराला आणखी सोसत नाही. गळती लागली की आग, आणि इंजिनाच्या धडात मॅग्नेशियमचा मिश्रधातू असल्याने ती एकदा धातूपर्यंत पोचली की पाण्याला दाद देत नाही. मान्य मूल्य अशा वेळी मिळेल. पण गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी ठेवण्याची अट पॉलिसीत असते, आणि तपासणी माफ झाल्याने ती अट माफ होत नाही. तेव्हा माफी असतानाही एमओटी करून घ्यावी, नळ्या बदलाव्यात, इंजिनाच्या कप्प्यात आपोआप सुटणारे अग्निशामक बसवावे आणि तिन्हींच्या पावत्या फाइलला लावाव्यात. पाहा, गाडी सांभाळल्यानेही शेवटी वर्णनच सुधारले.

किरकोळ बाबी भराभर उरकाव्यात. वर्षाला तीन किंवा पाच हजार मैलांची मर्यादा स्वीकारल्यास हप्ता उतरतो. ती ओलांडली जाईल ही भीती बाळगू नये, त्याची काळजी गाडी घेते. हिवाळ्यात गाडी खासगी जागेत उभी करून रस्त्यावर नसल्याची नोंद केली, तरी आग आणि चोरीचा विमा चालू ठेवावा. तंबू, भांडी आणि गिटार ही गाडीत मोडतात का, ते विचारून घ्यावे. शेवटी रस्त्यात मदत करणाऱ्यांची योजना घ्यावी, पण अटी वाचून. स्वस्त योजनांत स्वतःच्या घराजवळ, साधारण पाव मैलाच्या आत, बंद पडलेल्या गाडीला मदत मिळत नाही. त्यासाठी वेगळे पैसे भरावे लागतात. कॅम्परचा मालक गाडी जिथे बंद पडते तिथेच त्या रात्री राहतो, मग ते घर धरायचे की नाही, हा प्रश्न साधकाने फोनवर आपणहून काढू नये.