रात्रीच्या वासाच्या मालकांस अनावृत पत्र

महोदय,
स. न. वि. वि.

मायन्यात तुमचं नाव नाही, कारण ते आम्हाला कोणी सांगत नाही. तुम्ही तळोजा एमआयडीसीच्या बाजूचे कोणीतरी आहात, एवढंच रोडपालीकरांना नाकाने कळतं. थंडीत रात्री वारा पडला की तुमचं जे काही असेल ते जमिनीलगत पसरत आमच्या सेक्टरात येतं. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडतो, ‘आज परत केमिकल’, आणि मजल्यामजल्यावर खिडक्या धाडधाड लागतात.

कौतुक वाटतं ते याचं, की ‘केमिकल’ एवढ्या एकाच नावावर तुम्ही इतकी वर्षं भागवलंत. आमची मुलगी नववीत आहे. तिला ही सवलत नाही. कॅल्शियम फॉस्फेटचं रेणुसूत्र लिहायचं तर आधी मूलकांच्या संज्ञा, त्यांच्याखाली संयुजा, मग तिरकस गुणाकार. कॅल्शियमची दोन, फॉस्फेटची तीन. म्हणून कॅल्शियम तीन, फॉस्फेट कंसात आणि कंसाबाहेर पायाशी दोन. कंस राहिला की गुण गेला. सल्फाइड, सल्फाइट आणि सल्फेट उच्चारायला सख्खी भावंडं. पण पहिल्यात ऑक्सिजन नाहीच, दुसऱ्यात तीन अणू, तिसऱ्यात चार. तिथे ‘बाई, केमिकल आहे ना, मग झालं’ असं लिहून बघा एकदा.

तुम्ही नाव सांगत नाही, म्हणून ते काम आमच्या पार्किंगमधल्या विद्वानांवर येऊन पडलंय. एकजण म्हणतात, कुजक्या अंड्यासारखं येतंय, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. दुसरे म्हणतात, छे, काडेपेटी ओढल्यासारखं आहे, सल्फर डायऑक्साइड! तिसरे बर्फाच्या कारखान्यात होते, त्यांना सगळीकडे अमोनियाच येतो. वाद मिटत नाही आणि मिटण्यात अर्थही नाही, कारण या परीक्षेला नाक फार कच्चं. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण हवेच्या दशलक्ष भागांत शंभरेक झालं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून तुमचे आभार मानायचे की दवाखाना गाठायचा, ते कळवा.

दवाखान्यात तरी काय सांगणार? ‘काय गेलं नाकात?’ ‘केमिकल.’ १९८४च्या डिसेंबरात भोपाळच्या कारखान्यातून वायू गळला, त्या रात्री तिथल्या डॉक्टरांनाही त्याचं नाव ठाऊक नव्हतं. कंपनीकडून कळलं ते इतकंच, की डोळ्यांना झोंबेल, जीवघेणा नाही. नाव होतं मिथाइल आयसोसायनेट. रेणुसूत्रात जेमतेम पाच अक्षरं आणि एक तीनचा आकडा. फोनवर सांगायला चार सेकंद लागली असती. त्यानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात कलम ४१-ब आलं: धोक्याची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या लोकांनाही द्यायची. आम्ही आसपासचेच आहोत हो. अजून किती जवळ यायचं?

टँकरलाही नियम आहे. मालाचं नेमकं तांत्रिक नाव पाटीवर किमान ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत हवं. शिवाय चार आकडी संयुक्त राष्ट्रसंघ क्रमांक: १८३० म्हणजे सल्फ्युरिक आम्ल, १७८९ हायड्रोक्लोरिक, १०१७ क्लोरीन. परवा सर्व्हिस रोडला एक टँकर उभा होता. मुलगी शाळेत जाताना थांबून वाचायला लागली. चिखलाच्या थराखाली १ दिसत होता, मग अर्धवट ७ किंवा ८, पुढे सगळं गायब. ‘आई एकवीरा प्रसन्न’ मात्र लख्ख पुसलेलं. तो टँकर तुमचाच असेल असं म्हणत नाही. तुम्हीच सांगितलंत तर शंका फिटेल.

२०१७च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात कासाडी नदीच्या बाजूची भटकी कुत्री निळी झाली. फोटो देशभर झळकले, प्रदूषण नियंत्रण मंडळाने एका कारखान्याचं काम थांबवलं. तुमच्या धंद्यातल्या त्या एकाला रंग नडला. तुम्ही शहाणे, वासाचा फोटो निघत नाही हे तुम्ही बरोबर हेरलंत.

तेव्हा एकच विनंती. पुढच्या वेळी सोडण्याआधी चिठ्ठी पाठवा: संयुगाचं नाव, रेणुसूत्र, अंदाजे किती किलो. पिंपावर छापलेलं व्यापारी नाव नको, डॉक्टरला त्याचा उपयोग नसतो. चिठ्ठी गेटवर वॉचमनकडे द्या. तो रात्रभर बाहेरच बसलेला असतो. लावून घ्यायला त्याच्याकडे खिडकी नाही.

कळावे. लोभ नसावा.

आपली,
रोडपालीतली एक आई