गडग्यावरून श्रीवर्धन

काय वहिनी, पाहुणे गेले वाटतं हरिहरेश्वरला? जायचेच. आमच्या श्रीवर्धनची हीच रड. राहायचं इथे, जेवायचं इथे आणि नाव सांगायचं दुसऱ्या गावाचं. खाली हरिहरेश्वर, वर दिवेआगर आणि मधे आम्ही उकडीचे मोदक वळायला!

दिवेआगरचं नशीब बघा. १९९७ साली पोफळीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली, आत गणपतीचा सोन्याचा मुखवटा. गाव एकदम प्रसिद्ध. २०१२ला दरोडा पडला, दोन पहारेकरी जिवानिशी गेले. ते फार वाईट झालं, त्यात चेष्टा नाही. २०२१ला मुखवटा पुन्हा बसवला, पुन्हा गाड्यांच्या रांगा. आणि आमचे बाळाजी विश्वनाथ भट? सिद्दीच्या जाचापायी देशावर गेले, १७१३ साली पेशवे झाले. गावात पुतळा आहे, पण पुतळ्याला कोण विचारतो? परवा एक मुलगा मला म्हणतो, आजी, हे बाजीरावांचे कोण? म्हटलं, बाबा रे, वडील! तर लगेच, मस्तानी कुठली? पुढे मी काही बोलले नाही.

चौपाटी छान केलीय, नाही कशाला म्हणू? संध्याकाळी मीही बसते तिथे. पण खरं गाव वाडीत आहे हो. श्रीवर्धनी रोठा सुपारी म्हटलं की व्यापारी अजून मान डोलावतो. नुसती झाडावरून काढली की झालं, असं नसतं ते. खळ्यात चाळीसेक उन्हं दाखवायची, मग सोलायची. त्यात एखादी सर आली की सगळ्या घराची पळापळ.

आता तुम्ही विचारलंत ना, सुपारी काढणाऱ्या गड्याची मजुरी एवढी का? ऐका. पूर्वी गडी सकाळी एका पोफळीवर चढला की वरच्या वर झोका घेऊन दुसरी पकडायचा, तिथून तिसरी. घड खाली येत राहायचे, गडी नाही. मग आलं ते निसर्ग वादळ, २०२०च्या ३ जूनला. आधीच टाळेबंदी, त्यात हे. दुपारी दोन-तीन तासांत वाडी आडवी झाली. माझ्या सासऱ्यांच्या हातची झाडं काडेपेटीतल्या काड्यांसारखी पडलेली. वीज तर कित्येक दिवस नव्हती. सावली गेली तशी खालची जायफळंही करपली. उरल्या पोफळी, पण एक इथे तर एक तिथे. झोका घेणार कुठे? प्रत्येक झाड चढा, उतरा, पुन्हा चढा. पैसे मागणारच तो.

म्हणून सांगते, वादळात रिकाम्या झालेल्या त्या कोपऱ्यात एसी खोल्या काढायचं मनात आहे ना तुमच्या? मला सगळं कळतं, गवंडी मोजायला आला होता. काढा, पण गडग्याच्या कडेची ओळ सोडा. तिथे पोफळी लागल्या तर गडी माझ्या वाडीतून सरळ तुमच्या वाडीत जाईल, मजुरी निम्मी निम्मी. रोपं इथल्याच सुपारी संशोधन केंद्रात विचारा. फळाला यायला सहा-सात वर्षं जातील. जाऊ देत, तुम्ही तरुण आहात.

फक्त खड्डे तुमच्या हद्दीत घ्या हं. मागच्या मोजणीला तुमच्या सासूबाईंनी हा गडगा हातभर माझ्याकडे सरकवलेला निघाला होता!