शेलू कुठे गेलं?

उल्हास नदीच्या पुलावर आम्ही तिघं रोज सकाळी भेटतो आणि चार पावलं टाकली की गुरुजी म्हणतात, "हं, कल्याणहून सुटली." मग ज्याची पाळी असेल त्यानं न थांबता चालत स्टेशनं म्हणायची. माझी गाडी झोकात निघते. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, नेरळ...

"शेलू कुठे गेलं?" नाना विचारतात.

शेलू माझं नेहमी गळतं. त्यात विस्मरणाचा काही भाग नाही. ३१ वर्षं मी कर्जत-मुंबई केलं. संध्याकाळच्या लोकलमध्ये वांगणी आलं की मान खाली जायची, ती नेरळला उतरणाऱ्यांची धक्काबुक्की सुरू झाली की वर यायची. डोळ्यांनी जे पाहिलंच नाही, ते डोक्यानं कुठून काढून द्यायचं? बदलापूर-अंबरनाथच्या मध्ये आता चिखलोली नावाचं नवं स्टेशन होऊ घातलंय. ते झालं की अभ्यासक्रम बदलणार, म्हणून गुरुजी आत्तापासून धास्तावलेत.

हे खूळ आणलं नानांच्या सुनेनं. ती फिजिओथेरपिस्ट आहे. सुट्टीत आली असताना आमचं चालणं दोन दिवस गॅलरीतून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काका, चालता छान, पण डोकं घरी ठेवून येता. शंभरातून सात-सात वजा करत चाला बघू." त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी इथवर मी राजासारखा गेलो. बहात्तरला पाय जड झाले आणि पासष्टला मी रस्त्याच्या मधोमध उभा होतो, मागून दूधवाला घंटी वाजवत होता. गुरुजी मात्र दोनपर्यंत सरळ चालत गेले आणि वळून विचारतात, "पुढे उणे पाच धरायचे का?"

त्यावर सुनेनं स्वीडनची गोष्ट सांगितली. १९९७ साली तिथल्या संशोधकांनी म्हाताऱ्या माणसांबरोबर चालत चालत नुसत्या गप्पा सुरू केल्या. काही जण चालत चालत उत्तर देत, तर काही जण आधी थांबत आणि मग बोलत. या थांबणाऱ्यांपैकी बहुतेक जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. तरुणपणी चालणं फुकट असतं हो. वय झालं की प्रत्येक पावलाचं तिकीट डोक्याच्या खिडकीवर काढावं लागतं, आणि त्याच खिडकीवर कुणी गप्पा मारायला आलं की रांग तुंबते. म्हणून खिडकीलाच दोन कामं एकदम करायची सवय लावायची. नानांनी सगळ्यातून एवढंच उचललं की आमच्यातला कुणी बोलता बोलता थांबला, की "स्वीडन!" म्हणून ओरडायचं.

गुरुजींना वजाबाकी कमीपणाची वाटली. त्यांनी पोतडीतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी काढली. थेट औटकीपर्यंत आले. औट म्हणजे साडेतीन, हे आजच्या पोरांना सांगितलं तर त्यांना ते एखाद्या अ‍ॅपचं नाव वाटेल. "सात औटं?" "साडेचोवीस!" माझे पाय जराही अडखळले नाहीत. मी खूश. तर सूनबाई फोनवरून म्हणाली, हे चालणार नाही. पाठ असलेलं तोंडच म्हणतं, डोक्याला काही कळतसुद्धा नाही. थोडं अवघड पाहिजे. तेव्हापासून गुरुजी उलटं विचारतात: अठ्ठावीसात औट किती, आणि सव्वा किती? पहिल्याचं उत्तर आठ येतं. दुसऱ्याच्या उत्तरात मी एकदा शेणात पाय घातला.

नाना रेल्वेत इंजिन चालवायचे, तेही घाटातलं बँकर. त्यांना या सगळ्याचं काडीचं नवल नाही. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या कर्जतला थांबतात त्या काही आपण वडा खावा म्हणून नाही. पुढे बोरघाट, ३७ फूट गेलं की एक फूट वर. पुढचं इंजिन कितीही दांडगं असलं तरी मागून रेटायला बँकर जोडावंच लागतं. "डोकं म्हणजे पुढचं इंजिन," नाना म्हणतात, "आणि पाय बँकर. नुसतं शब्दकोडं सोडवत खुर्चीत बसलास तर गाडी पळसदरीलाच उभी." मी त्यांना सांगितलं, फिनलंडमध्ये साठी ओलांडलेल्या १,२६० जणांवर दोन वर्षं एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ साली आले. व्यायाम, डोक्याचा सराव, आहार आणि रक्तदाबावर नजर असं सगळं एकत्र दिलेला गट बुद्धीच्या चाचण्यांत नुसता सल्ला मिळालेल्या गटापेक्षा सरस ठरला. नानांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "एवढ्यासाठी फिनलंडला कशाला जायचं?" मग आम्ही वडा खाल्ला. आहाराचा मुद्दा त्या दिवशी कुणी काढला नाही.

बायकोचं माहेर खालापूर तालुक्यातलं. यंदा सप्ताहाला खोपोली लोकलनं गेलो. संध्याकाळी हरिपाठाला दोन रांगा समोरासमोर उभ्या राहिल्या आणि ही टाळ घेऊन त्यात. पावली सुरू झाली: दोन पावलं पुढे, दोन मागे, कमरेत वाक, गिरकी. हातात टाळ, तोंडात अभंग, कान मृदंगाकडे, डोळा शेजारणीच्या पायाकडे. मृदंगवाल्यानं मध्येच लय दुप्पट केली तर अख्खी रांग एका झटक्यात बदलली. मीही घुसलो. पाय जमले तर अभंग सुटला, अभंग धरला तर टाळ भलत्याच वेळी वाजला. तिसऱ्या गिरकीला मी एकटाच देवळाच्या दाराकडे तोंड करून उभा.

"अहो, तुम्ही बाजूला बसा," ही न थांबता म्हणाली. न थांबता, हे महत्त्वाचं.

परत आल्यावर मी गुरुजींना न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला अभ्यास ऐकवला. २००३ साली प्रसिद्ध झालेला, पंचाहत्तरीपुढच्या ४६९ माणसांचा. चालणं, पोहणं, सायकल या शारीरिक गोष्टींपैकी एका नाचाचाच स्मृतिभ्रंशाचा धोका कमी असण्याशी संबंध दिसला. गुरुजी म्हणाले, "नाचून डोकं शाबूत राहिलं, की डोकं शाबूत होतं म्हणून नाचायला गेले?" खुद्द संशोधकांनीही ही शंका मोकळी ठेवली आहे. हिला विचारलं, तर म्हणाली, "पावली धोक्यासाठी नसते."

मी मात्र हट्टाला पेटलो. गेल्या आठवड्यात मुद्दाम लोकलनं बदलापूरला जाऊन परत आलो. येताना वांगणीनंतर डोळे ताणून बसलो. शेलू आलं. फलाटाच्या टोकाला एक बकरी कागद खात होती.

दुसऱ्या दिवशी पुलावर गाडी कल्याणहून सुटली. बदलापूर झालं, वांगणी झालं, आणि डोळ्यांसमोर ती बकरी आली.

"शेलू!" मी दोन्ही हात वर करून ओरडलो.

मागून गुरुजी माझ्यावर आदळले. त्यांच्यावर नाना.

"स्वीडन," नाना शांतपणे म्हणाले.