माइक हाती घेण्यापूर्वी: लखनौवासी मराठी वक्त्यांसाठी काही सूचना

प्रस्तुत सूचना लखनौमध्ये राहणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या आणि गणेशोत्सवात एकदा माइक हाती आला की तो परत न देणाऱ्या सर्व वक्त्यांच्या हितासाठी तयार केल्या आहेत. त्या कोणा एका व्यक्तीला उद्देशून नाहीत. आमच्या मंडळाच्या चिटणीसकाकांना तर मुळीच नाहीत. काकांच्या वाचनात हा मजकूर आलाच, तर त्यांनी तो सर्वसाधारण स्वरूपाचा समजावा आणि शेजारच्या गृहस्थांना वाचायला द्यावा.

कलम १. वक्त्याने आधी आपला सा शोधावा.

भाषणाआधी मांडवामागे जावं, तोंड मिटून 'हं' म्हणावं आणि छातीवर हात ठेवावा. जो स्वर विनासायास लागतो आणि ज्याचा कंप हाताला जाणवतो, तो आपला सा. भाषण तिथून सुरू करावं. घाबरलेला किंवा फार उत्साहात आलेला माणूस दोन-तीन स्वर वर चढूनच 'आदरणीय व्यासपीठ' म्हणतो आणि तिथेच अडकतो. आणखी वर जायला जागा नसते, खाली यायला लाज वाटते.

आमच्या लोकांना हे लखनौत राहून कळू नये, याचं जास्त वाईट वाटतं. मुंबईत वकिली केलेल्या विष्णु नारायण भातखंड्यांनी १९२६ साली संगीताचं कॉलेज काढलं ते इथे. गव्हर्नर मॅरिस यांच्या नावावरून ते मॅरिस कॉलेज झालं. आज कैसरबागेत त्याचं भातखंड्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. तिथे दीर्घकाळ प्राचार्य राहिलेले श्रीकृष्ण रातंजनकरही मुंबईचेच. म्हणजे सगळ्या उत्तर हिंदुस्थानाला सा कुठे लावायचा ते मराठी माणसाने शिकवलं, आणि आमच्या मांडवात तो अजून कोणाला सापडलेला नाही. भातखंडे लिपीत मंद्र स्वराच्या पायाशी टिंब देतात, तार स्वराच्या डोक्यावर. काकांचं एक स्वागतपर भाषण या लिपीत उतरवायचा मी प्रयत्न केला. डोक्यावर टिंब असलेला एक सा आला आणि त्यापुढे पानभर आडव्या रेघा.

कलम २. क्रियापद गिळू नये.

इंग्रजीत बोलणाऱ्याचा श्वास वाक्याच्या शेवटी संपला तरी फारसं बिघडत नाही. कोणी काय केलं ते सांगून झालेलं असतं. मराठीत खरी गोष्ट शेवटीच असते. होकार, नकार, केलं, करणार, सगळं तिथे, आणि नेमका तिथेच वक्त्याचा दम संपतो. आमच्या एका सर्वसाधारण सभेत काका म्हणाले, 'यंदा वर्गणी वाढवण्याचा कार्यकारिणीचा विचार...' आणि पुढचं 'नाही' शालीत गेलं. मग बराच वेळ सभासद वर्गणीवाढीच्या निषेधाची भाषणं करत होते, आणि काका चकित होऊन सगळ्यांना 'मी तुमच्याशी सहमत आहे' असं सांगत होते.

उपाय: उताणं झोपावं, पोटावर मोल्सवर्थचा कोश ठेवावा आणि श्वास घेताना छाती न फुगवता कोश वर उचलला जाईल असं पाहावं. (काकांच्या पोटावर कोशाची पुरवणीही मावेल.) बोलताना स्वल्पविरामाला चोरटा श्वास घ्यावा आणि शेवटच्या तीन शब्दांसाठी थोडी हवा राखून ठेवावी. शेवटचा शब्द ओरडायचा नाही, फक्त पुरता उच्चारायचा.

कलम ३. माइकला टिचकी मारू नये, फुंकर घालू नये, 'आवाज येतोय का' असं विचारू नये. येत नसेल तर प्रश्नही पोचत नाही. माइक तोंडापासून वीतभर दूर आणि किंचित बाजूला धरावा, म्हणजे 'फ' आणि 'भ' पहिल्या रांगेच्या कानांवर फुटत नाहीत.

कलम ४. १९१६ साल संपले आहे, याची नोंद घ्यावी.

त्या वर्षीच्या डिसेंबरात लखनौला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. सुरतेच्या फुटीनंतर बाहेर पडलेले लोकमान्य पुन्हा काँग्रेसमध्ये आले ते इथे. लखनौ करारही इथलाच. आमच्या उत्सवातलं प्रत्येक भाषण या अधिवेशनापासून सुरू होतं आणि बहुतेकदा तिथेच राहतं. त्याला हरकत नाही. हरकत आवाजाला आहे. त्या अधिवेशनात ध्वनिक्षेपक नव्हता. आमच्याकडे टेंटवाल्याने लावलेले चार भोंगे असतात आणि काका ते नसल्यासारखे बोलतात. शिवाय टिळक हे काही फर्डे वक्ते नव्हते. साधं, कोरडं, मुद्द्याचं बोलत. त्यांच्या वाट्याला न आलेला गडगडाट काका त्यांना दरवर्षी मिळवून देतात.

जोर देणं म्हणजे मोठ्याने बोलणं नव्हे. एखादा शब्द उठून दिसावा असं वाटलं तर त्याआधी गती कमी करावी, किंवा तो शब्द खालच्या स्वरात घ्यावा. एका वाक्यात असा एकच शब्द. महाराष्ट्रातून पाहुणे आले की काका त्यांना बडा इमामबाडा दाखवायला स्वतः नेतात. आसफउद्दौलाने दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून १७८४ साली बांधायला घेतलेली ती वास्तू. आतलं दालन पन्नासेक मीटर लांब, मध्ये ना खांब ना तुळई. वरच्या सज्जात एका टोकाला गाइड कागद फाडतो आणि दुसऱ्या टोकाला तो टर्रकन ऐकू येतो. काका तिथे बोटाने 'शू' करतात, डोळे मोठे करतात आणि पाहुण्यांच्या कानाशी म्हणतात, 'ऐकलंत?' इतक्या मोठ्या जागेत कुजबूज पुरते हे त्यांना ठाऊक आहे, फक्त मांडवात ते आठवत नाही.

कलम ५. गावातल्या जाणकारांना ऐकावे.

मोहरमच्या दिवसांत मजलिशीत मर्सिया, म्हणजे करबलाच्या शोकाचं काव्य, ऐकायची संधी मिळाली तर मागे बसून ऐकावा. एक रीत गाऊन म्हणायची, तिला सोज म्हणतात. दुसरी चाल न लावता वाचायची, ती तहतुल्लफ्ज. आपल्या कामाची ही दुसरी. मिंबरावर बसलेला माणूस, जवळ वाद्य नाही, उठून हातवारे नाहीत. आवाज, भुवई आणि क्वचित उचललेला हात एवढ्यावर करबलाचं सगळं रणांगण उभं करायचं. मीर अनीस (१८०३ ते १८७४) यांचं या वाचनात मोठं नाव. ते एकांतात मोठा आरसा समोर ठेवून वाचनाचा सराव करत, असं सांगतात. मर्सियाचं कडवं बहुधा सहा ओळींचं. पहिल्या चार ओळींचं यमक एक, शेवटच्या दोन ओळींचं वेगळं. चांगला वाचणारा त्या चार ओळींत स्वतःला आवरून धरतो, चौथीपाशी श्रोते पुढे झुकतात, आणि मग तो जोडओळी सोडतो. उर्दू अर्धी समजली तरी घोडा कुठे दौडतोय आणि तहानेलं मूल कुठे आहे, हे नुसत्या लयीवरून कळतं. आमच्याकडे पहिल्याच ओळीत सगळं सोडून देतात आणि उरलेल्या वेळात तेच पुन्हा गोळा करत बसतात.

कलम ६. आवाज फाटला तर घाबरू नये. बेगम अख्तरांचा आवाज एखाद्या तानेत किंचित फाटायचा आणि नेमकी तिथेच दाद यायची. मात्र त्यासाठी आधी बेगम अख्तर व्हावं लागतं.

कलम ७. खाली दाखवावी.

तीनतालाच्या सोळा मात्रांत टाळी तीन ठिकाणी आणि खाली एका ठिकाणी, नवव्या मात्रेवर. तबलजी तिथे डग्गा आवरता घेतो, म्हणून पुढची सम दणक्यात येते. भाषणातली खाली म्हणजे थांबणं. १९९१ ते २००९ या काळात लखनौचे खासदार असलेले अटलबिहारी वाजपेयी वाक्याच्या मधोमध थांबत, डोळे मिटत, आणि मैदानातला प्रत्येक माणूस पुढचा शब्द मनातल्या मनात शोधू लागे. काका फक्त पान उलटताना थांबतात. मी एकदा भीतभीत विषय काढला. ते म्हणाले, 'थांबलो की लोक टाळ्या वाजवतात रे. संपलं असं समजून.'

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. टाळ्यांमध्ये मीही होतो.

कलम ८. अमीनाबादेत लागणारा आवाज घरी ठेवून मांडवात येऊ नये.

खरं म्हणजे वरच्या एकाही कलमाची काकांना गरज नाही. पुण्याहून आलेल्या कोणा वहिनींना चिकनचा कुर्ता घ्यायचा असतो आणि काका सोबत अमीनाबादेत जातात, तेव्हा त्यांच्यामागे उभं राहावं. दुकानदार भाव सांगतो. काका 'अच्छा?' म्हणतात, स्वर वर, कौतुकाचा, जणू एवढ्या महागात कुर्ता मिळू शकतो ही ज्ञानात भरच पडली. दुकानदार टाक्यांची बारीक कारागिरी दाखवतो. काका कुर्ता हातात घेतात, उलटा करून पाहतात, आणि 'अच्छाऽऽ' म्हणतात. हा लांब, उतरता, जुन्या मित्राने फसवल्याचा. मग काही बोलत नाहीत. दुकानदार अस्वस्थ होतो, चहा मागवतो, थोडे कमी करतो. काका कुर्त्याची नीट घडी घालतात, गाठोड्यावर ठेवतात, चपलांकडे बघतात आणि तिसरा 'अच्छा' म्हणतात. आखूड, मंद्रातला, निरोपाचा. वहिनींचे डोळे भरून येतात. कुर्ता मिळतो.

सा, खाली, राखलेला श्वास, सगळं त्या तीन शब्दांत असतं. हाच माणूस संध्याकाळी मांडवात मागच्या कनातीकडे बघत रेल्वेच्या उद्घोषणेगत देणगीदारांची नावं वाचतो, तेव्हा जीव तुटतो हो. दुकानात काका कोणाशी तरी बोलत असतात. मांडवात कोणाशीच नाही. म्हणून वक्त्याने तिसऱ्या रांगेतला एक चेहरा निवडावा, तो मराठी असल्यास संशयी असेलच, आणि आपलं वाक्य त्याला योग्य भावात विकायचा प्रयत्न करावा. दर दोन-तीन वाक्यांनी गिऱ्हाईक बदलावं, नाहीतर तो गृहस्थ उठून प्रसादाकडे जातो.

कलम ९. 'शेवटी एकच सांगतो' हे वाक्य एका भाषणात एकदाच वापरता येईल.

काकूंना हे कलम पाठ आहे. त्या पहिल्या रांगेत बसतात. दुसऱ्यांदा 'शेवटी एकच' आलं की चष्मा काढतात, डबीत ठेवतात आणि डबी मिटतात. तो 'टक्' चारही भोंग्यांना पुरून उरतो. काका असतील त्या शब्दावर थांबतात, मग ते क्रियापद असो वा नसो. ज्या वक्त्यांची घरची मंडळी माहेरी गेली असतील, त्यांनी त्या आठवड्यातलं भाषणाचं निमंत्रण नम्रपणे नाकारावं.