उणे ३१

मराठी विकिपीडियावर कुणाच्याही लेखातला ‘सुप्रसिद्ध’ काढला की पानाच्या इतिहासात आपल्या नावापुढे लाल रंगात उणे ३१ हा आकडा उमटतो. हे बाइट. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, अगदी उकार-वेलांटीसुद्धा, तीन बाइट खातं. ‘सुप्रसिद्ध’मध्ये अशी दहा चिन्हं, वर एक मोकळी जागा. हे गणित मी लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांना समजावून सांगितलेलं आहे. ते मठ्ठा आणायला म्हणून उठले आणि दुसऱ्या रांगेत बसले.

या लाल आकड्यांची मला चटक लागली आहे. ‘दुःखद निधन’मधला ‘दुःखद’ मी दिसताक्षणी उडवतो. सुखद निधनाची नोंद करायची वेळ आली तर बघू. ‘लहानपणापासूनच कुशाग्र बुद्धीचे’ हेही कापतो, कारण आमच्या चरित्रलेखांत मठ्ठ मूल अजून जन्माला यायचं आहे. ‘करण्यात आले’ दिसलं की मात्र कात्री जरा अडखळते. धरण बांधण्यात आले, गावे उठवण्यात आली, मोबदला देण्यात आला. वाक्य आटोपशीर करायला कर्ता शोधावा, तर अख्ख्या लेखात कर्ताच नाही. सगळं आपोआप झालेलं.

अशा वेळी मला श्रीधर व्यंकटेश केतकर आठवतात. त्यांचा इथे काय संबंध, असं म्हणून दुसऱ्याच्या लेखातला हा परिच्छेद मी केव्हाच उडवला असता. पण लेख माझा आहे. तर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेला हा माणूस मराठीत ज्ञानकोश काढायला बसला आणि त्याने आधी प्रस्तावना लिहिली. पाच खंड! हिंदुस्थान आणि जग झालं, वेदविद्या झाली, बुद्धाच्या आधीचं जग झालं, नंतरचं झालं, विज्ञानाचा इतिहास झाला, आणि मग सहाव्या खंडात एकदाचा ‘अ’ उगवला. एखाद्या वर्गणीदाराला नुसती ‘अळंबी’ बघायची असेल, तर त्याने काय केलं असेल? एकूण खंड २३. शिवाय या सगळ्या खटाटोपाची हकीकत सांगणारं ‘माझे बारा वर्षांचे काम’ हे पुस्तक निराळं. माझ्या हाती सापडले असते तर त्या पाच खंडांचा मी एक परिच्छेद केला असता आणि उण्याचा तो आकडा चौकटीत घालून भिंतीवर टांगला असता. पण एक आहे. केतकरांचं मत कुठे सुरू होतं हे वाचणाऱ्याला शोधावं लागत नाही. ते उघड्यावर मांडलेलं असतं. पटलं तर घ्या, नाहीतर भांडा.

भांडता येत नाही ते गोड वाक्याशी. ‘गावात सर्व जातिधर्मांचे लोक गुण्यागोविंदाने राहतात.’ गावांवरच्या लेखांत हे वाक्य इतक्यांदा भेटतं की आता डोळे त्यावरून घसरून पुढे जातात. एका लेखात असेच घसरले आणि खाली सुविधांच्या यादीत अडकले : ‘प्राथमिक शाळा – १, दवाखाना – नाही, स्मशानभूमी – २.’ गाव हजार वस्तीच्याही आतलं. दोन कशाला, हे लिहिणाऱ्याने सांगितलं नव्हतं, आणि आपल्याकडे वाचणाऱ्याला ते विचारावंही लागत नाही. अख्ख्या लेखात खरं बोलणारी ती एकच ओळ होती. आणि तिच्यात एकही विशेषण नव्हतं.

मी वरचं गोड वाक्य काढलं, कारण दिलं : ‘संदर्भ नाही’. संध्याकाळपर्यंत ते परत आलं, सोबत ‘बंधुभावाने’ घेऊन. मी पुन्हा काढलं. मग चर्चा पानावर मजकूर आला, ‘गावाची बदनामी थांबवावी. विकिपीडियावर तटस्थ लिहायचे असते.’ तटस्थपणाचा धडा मला! मी तावातावाने उत्तर लिहायला घेतलं. त्यात ‘सरासर’, ‘धादांत’ आणि ‘निर्लज्ज’ हे शब्द पहिल्या दोन ओळींतच आले, तेव्हा ते पुसून फक्त ‘संदर्भ द्यावा’ एवढंच लिहिलं. त्यावर लगोलग प्रश्न आला, ‘आपलं आडनाव काय?’

माझ्या सदस्यनावात आडनाव नाही आणि मी ते सांगितलंही नाही. हल्ली ते वाक्य तो घालतो, मी काढतो. स्मशानभूमीच्या आकड्याला मात्र त्याने अजून एकदाही हात लावलेला नाही.